स्वामीची मालिका वर्गात दाखवून राहिली, पोरांनी तीन आक्षेप घेतले. तुम्ही काय म्हणता?

पूसकाठची मास्तरीण

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुसद तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी सहावी-सातवीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून ३१ लेकरं. अर्धी गावातली, अर्धी पलीकडच्या तांड्यावरची. मागच्या वर्षी लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही आला. शनिवारी दप्तर नसतं, आनंददायी शनिवार असतो. सगळे शनिवार गाणी-गोष्टी करून माझाच घसा बसायला लागला, म्हणून आषाढापासून मी पेन ड्राइव्हवर ‘मालगुडी डेज’मधली स्वामीची गोष्ट आणली. आधी एक भाग दाखवायचा, मग आर. के. नारायण यांच्या पुस्तकातला तेवढाच तुकडा मी आपल्या बोलीत सांगायचा, असं ठरवलं. पुस्तक इंग्रजी, मालिका हिंदी, सांगणं वऱ्हाडी आणि तांड्यावरची पोरं एकमेकांत गोरमाटी बोलतात. खिचडी झाली, पण पचली.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुस्तक १९३५चं, गोष्ट १९३० सालची. मालगुडी नावाचं मनातलं गाव, त्यातला दहा वर्षांचा स्वामी, त्याचा दांडगा दोस्त मणी आणि पोलीस साहेबाचा ऐटबाज मुलगा राजम. शाळा, छडी, क्रिकेट, घरातून पळून जाणं. मालिका शंकर नाग यांनी केली, ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनसाठी. स्वामी झाला मास्टर मंजुनाथ, वडील गिरीश कर्नाड.

आता अडचण. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका दादांनी विचारलं, “मॅडम, हे शंभर वर्षांआधीचं, त्यातही मद्राशी पोरगं, आपल्या पोरांना कायले?” त्यांना मी काहीबाही उत्तर दिलं. पण पोरांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पहिला प्रश्न सातवीतल्या एका मुलीचा, तिसऱ्या शनिवारी. “मॅडम, आई हाय, आजी हाय, मंग याच्यात पोट्ट्या काहून नाई?” मी म्हटलं, त्या काळी मुलांची शाळा वेगळी असायची. ती म्हणाली, “पण घरी तं असतीन ना?”

दुसरा, “हे कोकण होय का?” शूटिंग कर्नाटकात आगुंब्याला झालं आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथला पाऊस म्हणजे आपले कितीतरी पावसाळे एका वर्षात. त्यामुळे पडद्यावर भिंतीवर शेवाळ, कौलांवर शेवाळ, मागं गर्द झाडी. पुस्तकातली शरयू नदी मात्र वाळूची. संध्याकाळी लोक वाळूत येऊन बसतात, पोरं वाळूत कुस्ती खेळतात. ते वाचलं की मला आमची पूस नदी दिसते, मार्च महिन्यातली. टीव्हीवर पाहिलं की वाटतं, कुठल्या परक्या देशात आलो.

तिसऱ्यानं मात्र माझी बोलतीच बंद झाली. पुस्तकात एक प्रसंग आहे. राजम, मणी आणि स्वामी रस्त्यावर उंडारत असतात. एक खेड्यातला पोरगा बैलगाडी घेऊन येतो, करुप्पन त्याचं नाव. राजम त्याला अडवतो, आम्ही सरकारी पोलीस, पूल कच्चा आहे, गाडी माघारी घे म्हणतो. तो पोरगा गयावया करतो. हे तिघं मजा घेतात. नारायण यांनी फार गमतीनं लिहिलंय, आणि मी आजवर ते वाचताना हसतच आले. वर्गात सांगतानाही मी हसत होते. मान वर करून पाहिलं तर कोणीच हसत नव्हतं. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. मागच्या बाकावरून एक पोरगा बोलला, “त्यानं काय केलं होतं मॅडम? तो तं आपला गाडी घेऊन चालला होता.”

तर मला विचारायचं असं की, लहान मुलांसाठीची जुन्या काळातली मालिका, तीही गाजलेल्या पुस्तकावरची, चांगली की वाईट हे ठरवायचं कशावरून? कपडे-घरं बरोबर आहेत यावरून? पुस्तकाला धरून आहे यावरून? की समोरच्या ३१ लेकरांना ती आपली वाटते का यावरून? पुढचे भाग दाखवू की बंद करू?

शहाणा बैल

बंद करा. तुमचंच हौशीचं काम आहे हे. आपल्याकडं ‘गोट्या’ नव्हता का? ना. धों. ताम्हनकरांचा. तीही मालिका होती, “बीज अंकुरे अंकुरे” अख्ख्या महाराष्ट्राला पाठ होतं. मराठी पोरांना मराठी पोरगा दाखवा. विषय संपला.

जुना अँटेना

बैल भाऊ, विषय इतक्या लवकर संपत नसते.

ताई, मी मंगरूळपीरकडचा. विजेच्या खात्यात लाइनमन होतो, आता घरी बसून आहो. ही मालिका लागायची तेव्हा आमच्या गावात दोनच टीव्ही होते. एक पाटलांच्या वाड्यात, लाकडी शटरचा, त्याला कुलूप. दुसरा सोसायटीच्या सेक्रेटरीकडं. पाटलाकडं ओसरीत पोरं, खाली अंगणात बायका, आणि मी खांबाजवळ उभा, कारण लाइट गेली तर पहिली शिवी मलेच. एकदा खरंच गेली. तवा कोणीतरी बारका बारा व्होल्टचा टीव्ही आणला आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याच्यावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, त्याचाही ठपका माझ्यावर.

हे सांगून राहिलो ते यासाठी की तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर माझ्यापाशी आहे. आमचे दोन्ही टीव्ही काळे-पांढरे होते. मालगुडी हिरवं आहे हे मले वीस वर्षं माहीतच नव्हतं! आमची मालगुडी करडी. करडी भिंत, करडी वाट, करडी झाडं. ते गाव मले कारंज्याच्या अलीकडचं वाटे. पुढं नातवानं मोबाइलवर लावून दाखवलं, तं मी म्हटलं, अरे हे कोणतं गाव होय? माझं मालगुडी कुठं गेलं? पोरांना वाळूची नदी पाहिजे असंन तं टीव्हीचा रंग शून्यावर आणा. रिमोटवर सेटिंग असते. करून पाहा एकदा, मी थट्टा नाही करून राहिलो.

आता चांगली-वाईट ठरवायची म्हणता. मी काही शिकलेला माणूस नाही, पण आयुष्यभर तारा पाहिल्या. कोणत्या तारेत जीव हाय अन् कोणती नुसतीच लटकली हाय, हे हात न लावता ओळखावं लागते. या मालिकेत जीव कुठं हाय, तर बापात. कर्नाडांनी तो बाप असा केला की तो वाईट नाही आणि गोडही नाही. आमचा बाप असाच होता. घरात आला की आम्ही पुस्तक उघडायचो, मग ते उलटं का असेना.

त्या आंब्याच्या गणिताचं वाचून दाखवलं का पोरांना? रामाजवळ दहा आंबे, त्याचे त्याले पंधरा आणे पाहिजेत. कृष्णाले चारच पाहिजेत, तं त्यानं किती द्यायचे? स्वामी विचारते, आंबे पिकले होते का? मले हे आमच्या मास्तरांनी त्या काळीच पुस्तकातून वाचून सांगितलं होतं. शेवटी बाप कान पिळून पिळून सहा आणे काढते त्याच्या तोंडून, अन् उत्तर बरोबर आल्यावर पोरगं रडायला लागते. उत्तर बरोबर आल्यावर! लेकराच्या गोष्टीत हे लिहायला काळीज लागते. आताच्या मालिकेत गणित सुटलं की मागून बासरी वाजली असती.

शंकर नाग ३६ वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा गेले, १९९० मध्ये, दावणगेऱ्याजवळ मोटारीच्या अपघातात. पेपरात फोटो पाहिला, त्या दिवशी गावातल्या चार-पाच जणांनी तरी मले विचारलं, आता मालगुडी बंद का? भाग तं केव्हाच संपले होते. पण लोकांले वाटे की ते गाव तोच चालवते.

कोशा

मी मूळची आर्वीची, सध्या मुंबईत मालिकांच्या कपडेपटात काम करते. मास्तरीणबाईंच्या “कपडे-घरं बरोबर आहेत यावरून?” या प्रश्नावर बोलायलाच हवं, कारण माझं पोट त्यावर आहे.

जुन्या काळातली मालिका आली की निर्माता आधी विचारतो, टोपी कशी होती, बटणं कसली होती. ते सगळं आम्ही शोधतो. ते तसं अवघड नाही, फोटो मिळतात. अवघड असतं ते कपडा जुना करणं. नवं धोतर चहाच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, मग कॉलर आणि गुडघे दगडानं घासायचे. दहा वर्षांच्या पोराचा सदरा कुठं फाटतो? खिशाच्या कोपऱ्याला. कारण खिशात गोट्या, खडे, भोवरा. आणि उजव्या बाहीला, कारण नाक तिथंच पुसतात. मी एकदा अशी बाही करून नेली. वरून निरोप आला, “हिरो का बच्चा गंदा नहीं दिखेगा.” परत धुऊन, इस्त्री करून द्यावी लागली. एवढी मेहनत घेऊन विणून आणलेलं हातमागाचं कापड, त्यावर कडक इस्त्री, आणि पोराच्या केसांना जेल. काळ गेला खड्ड्यात.

म्हणून माझी परीक्षा सोपी आहे. तिसऱ्या भागात पोराचे कपडे पहिल्या भागापेक्षा मळलेले दिसतात का? दिसले तर त्या मालिकेत कोणीतरी लेकरू पाहिलंय असं समजायचं.

आणि हो, मालिकेच्या सुरुवातीची चित्रं आर. के. लक्ष्मण यांची आहेत, म्हणजे लेखकाच्या सख्ख्या भावाची. पोरांना ती पाटीवर काढायला लावा. एल. वैद्यनाथन यांची ती “ता ना ना ना” धून लावली की आमच्या सेटवर अजूनही लाइटवाले दादा हात थांबवून गुणगुणतात.

मुलींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तो प्रश्न मीही विचारला होता, आठ वर्षांची असताना, आणि मला “गप बस, बघ” असं उत्तर मिळालं होतं.

ढेकूळ

मॅडम, मी दारव्ह्याकडचा शेतकरी. पुस्तक वाचलं नाई, मालिका लहानपणी पायली. पण तुमच्या त्या बैलगाडीवाल्या पोट्ट्यावर मले बोलाचं हाय.

आमच्या लहानपणी कापसाची गाडी घेऊन बाजाराच्या गावी जायचो. रात्री निंघायचं, सकाळी लायनीत लागायचं. वाटेत एक नाका होता. तिथं कोणी ना कोणी उभा राहेच. कधी टोपीवाला, कधी बिनटोपीचा. “पावती दाखव.” काह्याची पावती ते आमाले मालूम नसे. बाबा खाली उतरून हात जोडे, बैलाचं कासरं माझ्या हाती दे. मी आठ-नऊ वर्षांचा. तो माणूस खरा होता का खोटा, हे अजून मले मालूम नाई.

तं तुमच्या पोट्ट्याईनं बरोबर पकडलं. हसाची गोष्टच नोहे ती. पण मले एक सांगा, लेखक कोणाच्या बाजूनं हाय? राजम हा पोलीस साहेबाचं पोरगं. बाप जे मोठ्या माणसाले करते, थेच हे पोरगं गाडीवाल्याले करून राहिलं. आन तेही सन तीसमधी, इंग्रजाच्या राज्यात! लेखकाले हे दिसलं नसंन असं मले तरी वाटत नाई. तो राजमवर हसून राहिला असंन, आन तुमी गाडीवाल्यावर हसून राहिल्या. रागाऊ नका.

पूसकाठची मास्तरीण

ढेकूळ भाऊ, रागावले नाही. दोन दिवस तेच डोक्यात होतं. तो प्रसंग परत काढून वाचला. तुमचं बरंचसं खरं आहे, सगळं नाही. नारायण राजमवर हसतात हे खरं, पण करुप्पनच्या बाजूला उभे राहून नाही हसत. ते रस्त्याच्या कडेला थोडं लांब उभे असतात. तिथून सगळेच गमतीचे दिसतात. माझी पोरं लांब उभी नव्हती, गाडीत बसली होती, एवढाच फरक.

अँटेना काका, तुमचं ऐकून मी खरंच शनिवारी रंग शून्यावर आणला. पोरं आधी ओरडली, “मॅडम, बिघडला!” मग गप्प झाली. दहा मिनिटांनी एक जण म्हणाला, “आता उन्हाळा लागला तिथं.” काका, तुमचा फोन नंबर असता तर तिथूनच लावला असता.

आता इतिहासाचं एक सांगते, कारण समितीतल्या दादांचं “शंभर वर्षांआधीचं, आपल्या पोरांना कायले” माझ्या मनात अडकून बसलं होतं. पुस्तकात तारीख दिली आहे, १५ ऑगस्ट १९३०. कोणा पुढाऱ्याला अटक झाली म्हणून शरयूच्या वाळूत सभा भरते. स्वामी आणि मणी तिथं जातात. विलायती कपड्यांची होळी पेटते. कोणीतरी म्हणतं, तुझी टोपी विलायती आहे, आणि स्वामी ती काढून आगीत फेकतो. पुढं शाळेच्या काचा फोडण्यात हा सामील, मग मार, मग शाळाच सुटते. घरी आल्यावर वडील विचारतात, टोपी कुठाय? हा छाती काढून सांगतो, जाळली, विलायती होती. वडील म्हणतात, ती खादी भांडारातून आणली होती. खादीची होती ती.

पोरं पोट धरून हसली. मग मी पुसदचं सांगितलं. १० जुलै १९३०, म्हणजे स्वामीनं टोपी जाळली त्याच्या महिनाभर आधी, लोकनायक बापूजी अणे यांनी आपल्या पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. काय केलं, तर राखीव जंगलातलं गवत कापलं. पोरं अवाक. “गवत कापलं म्हणून जेल?” ज्यांच्या घरी रोज गवताचा भारा डोक्यावरून येतो, त्यांना हे कळायला मला काही सांगावं लागलं नाही. एकानं विचारलं, “मॅडम, स्वामी इथं असता तं त्यानंही कापलं असतं का?” दुसरा म्हणाला, “कापलं असतं, पण घरच्याच धुऱ्यावरचं.” धुरा म्हणजे आपल्या शेताचा बांध. टोपीचा विनोद इतका पक्का समजलेला मी बी.एड. झालेल्या माणसांतही पाहिला नाही.

इथं मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. मोठ्यांचा इतिहास लेकराच्या डोक्यावरच्या टोपीएवढा करून दाखवता आला पाहिजे. मी जयंती-पुण्यतिथीला भाषणं बसवते, दरवर्षी. पोरं घडाघडा म्हणतात, “परकीय सत्तेच्या जोखडातून.” जोखड म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू हे सांगितल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात. भाषणात मात्र तो शब्द नुसता आवाज असतो.

छडीचंही सांगून टाकते. पुढं स्वामी दुसऱ्या शाळेत जातो, तिथं हेडमास्तर मारायला उठतात तेव्हा तो छडी हिसकून खिडकीबाहेर फेकतो आणि पळतो. मी हे सांगत होते आणि माझ्या हातात नकाशावर दाखवायची बांबूची काडी होती. मी कधी मारत नाही, कायद्यानंही बंदी आहे, पण काडी हातात असते. ३१ जोडी डोळे त्या काडीवर. मी बोलत बोलत कपाटापाशी गेले आणि ती मागं सारून दिली. कोणी काही बोललं नाही. सोमवारी पाहिलं तर काडी तिथं नव्हती. खिडकीबाहेर, गाजरगवतात पडली होती.

शहाणा बैल

काडीचं भारी आहे मॅडम. मी वर जरा तुसडं लिहिलं होतं, ते मागं घेतो. पण ‘गोट्या’ तरी दाखवाच.

क्रिकेटचा भाग झाला का? त्यात ते मद्रासच्या दुकानाला बॅटीसाठी पत्र लिहितात, दुकानदार उत्तर देतो की पंचवीस टक्के रक्कम आधी पाठवा, आणि या पोरांना वाटतं हे पत्र चुकून दुसऱ्याच कोणाचं आपल्याकडं आलं, म्हणून ते परत पाठवून देतात. माझ्या बापानं पीक विम्याच्या कागदाबरोबर अगदी हेच केलं होतं.

कोशा

हाहा. माझ्या आजोबांनीही.

मास्तरीणबाई, एक सुचवू? मुलींनाच विचारा, स्वामीला बहीण असती तर ती त्या वेळी कुठं असती, काय करत असती. मला कोणी तेव्हा विचारलं असतं तर मी वहीभर लिहिलं असतं.

पूसकाठची मास्तरीण

बऱ्याच दिवसांनी येतेय. परीक्षा झाल्या, दिवाळीची सुट्टी लागायची आहे. कोशाताई, तुमचं ऐकलं. सगळ्यांनाच लिहायला लावलं, मुलांनाही. मुलांनी बहिणीला स्वयंपाकघरात बसवलं आणि दोन ओळींत मोकळे झाले. ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता, तिनं पानभर लिहिलं. तिची बहीण दाराआड उभी राहून आंब्याचं गणित ऐकते आणि मनातल्या मनात सोडवते. स्वामी रडायला लागतो तेव्हा ती आतून म्हणते, “सहा आणे, इतलंही येत नाई?” बाप म्हणतो, “कोण बोललं?” आणि आजी म्हणते, “मांजर होतं.” मी ते पान फाडून घेतलं नाही, झेरॉक्स काढली. तिची वही तिच्याकडंच राहावी.

मालिका म्हणून माझं मत आता असं झालंय. रंगाच्या बाबतीत आगुंब्यानं घोटाळा केला, ते मी माफ करणार नाही. हिंदी काही ठिकाणी पुस्तकी वाटतं, कानडी जिभेवरचं आहे हे कळतं, पण पोरांना ते खटकलं नाही, त्यांचंही हिंदी असंच आहे. मंजुनाथचा चेहरा मात्र असा की आवाज बंद करून दाखवला तरी गोष्ट कळेल. आणि खोटी गोड माया कुठंच नाही. पोराला शहाणं करून सोडायची घाई नाही. स्वामी पळून जातो, जंगलाच्या वाटेवर हरवतो, सामना हुकतो, राजम बोलायचा बंद होतो, आणि त्यातून तो काही ‘शिकत’ नाही. नुसता दुखावतो. लेकरांना हे ओळखीचं असतं.

शेवटाचं सांगायचं राहिलं. राजमच्या वडलांची बदली होते. स्टेशनवर स्वामी धावत जातो, भेट म्हणून अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक घेऊन. गाडी सुटते. घाईत पुस्तक कसंबसं राजमच्या हाती पडतं, धड बोलणं होत नाही. मग स्वामी मणीला विचारतो, तो पत्र लिहील ना मला? मणी म्हणतो, लिहील, पत्ता घेतलाय त्यानं. स्वामी त्याच्या तोंडाकडं बघतो, खरं बोलतोय का ते कळत नाही. पुस्तक तिथं संपतं.

मी पुस्तक मिटलं. पोरांनी एकदम गलका केला, मणी खोटं बोलला, नाही नाही, खरं बोलला. मतदान घ्यायची वेळ आली. खोटं म्हणणारे जास्त निघाले. तांड्यावरचा एक पोरगा, सहावीतला, त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि यंदा तोही जाणार, मी आणि त्याचा आजा दोघांनी विनवून पाहिलं तरी. तो मतदानात हात वर करेना. मी विचारलं, तुला काय वाटतं रे? तो म्हणाला, “पत्ता घेतला असंन मॅडम. पण कारखान्यावर गेल्यावर चिठ्ठी टाकाची कुठं, ते कोणाले मालूम असते?”

राजम कारखान्यावर नाही, दुसऱ्या गावी बदलीवर गेला, असं कोणीतरी त्याला समजावायला लागलं. तो म्हणाला, “थेच.”

समितीतले दादा परवा आले होते. म्हणाले, पोरगी घरी आंब्याचं गणित घालून राहिली सगळ्यांना, उत्तर कोणालेच येत नाही, सांगून टाका. मी म्हटलं, आधी विचारा आंबे पिकले का कच्चे.

अँटेना काका, एक काम होतं. शनिवारी सकाळी नेमकी आमची लाइन जाते, आणि ४३ इंचीला ट्रॅक्टरची बॅटरी चालायची नाही. इन्व्हर्टर किती वॉटचा घ्यावा?

जुना अँटेना

टीव्हीच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिले असतात, ते वाचून सांगा. आन पंखा लावणार का नाही, तेही. मग हिशोब करू.